आरोपी हजर हो!

महाराष्ट्रात जबाबदारी कोणी घेत नाही, असा गैरसमज काही नतद्रष्टांनी पसरवला आहे. साफ खोटं! जबाबदारी निश्चित करण्यात आपलं शासन कमालीचं तत्पर आहे. ती माणसावर निश्चित करायची नाही, एवढं पथ्य मात्र कसोशीनं पाळलं जातं.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. धरणाला गळती असल्याचं गावकरी आधीपासून सांगत होते. पण गावकऱ्यांना काय कळतं? तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी छडा लावला: धरण खेकड्यांनी पोखरलं. विरोधक खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले, पण खेकड्यांवर रीतसर खातेनिहाय चौकशी बसली नाही, ही हळहळ आम्हाला अजून आहे. बसली असती तर कामकाज साधारण असं झालं असतं:

‘कारणे दाखवा नोटीस मिळाली?’

‘मिळाली साहेब. बिळात पाणी शिरलं, तेव्हा वाहून गेली.’

‘भराव पोखरल्याचं कबूल आहे?’

‘बिळं करणं हा आमचा पिढीजात धंदा. पण नीट दबाई झालेल्या मातीत आमची नांगी शिरत नाही.’

‘दबाई झाल्याची नोंद मोजमाप पुस्तकात आहे.’

‘मग सही करणाऱ्याला विचारा ना, साहेब.’

‘सही वाचता येत नाही. आणि आरोपीचं हे विधान कामकाजातून वगळा!’

वाऱ्याचंही तेच. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 रोजी शिवछत्रपतींच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी पुतळा कोसळला. वारा ताशी 45 किलोमीटर वेगानं वाहत होता, असं तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. पुढे शिल्पकार आणि सल्लागाराला अटक झाली. वारा मात्र मोकाट आहे. समोरच्याच बेटावर सिंधुदुर्ग किल्ला साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ तोच वारा खात उभा आहे. महाराजांच्या काळी निविदा प्रक्रिया इतकी पारदर्शक नव्हती, हे त्याचं कारण असावं.

पावसाचं तर नावच काढू नका. 29 सप्टेंबर 2017 रोजी मुंबईतल्या तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन 23 जण दगावले. रेल्वेच्या चौकशी अहवालात बोट दाखवलं गेलं पावसाकडे. पाऊस आला, लोक जिन्यात थांबले, गर्दी झाली. जिना तेवढाच का राहिला, हा प्रश्न पावसाला विचारून उपयोग नव्हता.

याउलट नोव्हेंबर 1956 मध्ये आजच्या तमिळनाडूत अरियलूरजवळ पुरानं पूल वाहून गेला आणि रेल्वेगाडी नदीत कोसळली. म्हणजे पाऊस हजर, पूर हजर, दोन्ही आरोपी रंगेहाथ सापडलेले! तरी रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी स्वतः राजीनामा दिला. इतकी आयती सबब वाया घालवणारा मंत्री पुन्हा होणे नाही.

या सगळ्यात निसटले ते उंदीर, कारण त्यांचं वास्तव्य थेट मंत्रालयात. मार्च 2018 मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत विचारलं, सात दिवसांत 3,19,400 उंदीर मारले कसे? खुलासा आला की आकडा उंदरांचा नव्हे, विषारी गोळ्यांचा आहे. गोळ्या किती टाकल्या याचा हिशेब चोख. मेले किती, हे विचारणाऱ्याला योजनांची अंमलबजावणी कशाशी खातात हेच ठाऊक नाही.

निर्जीव वस्तूही आता कामाला लागल्या आहेत. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात तत्कालीन कृषिमंत्री सभागृहात मोबाईलवर रमी खेळताना दिसले, तेव्हा गेम आपोआप आला, आपण तो बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. दोष मोबाईलचा निघाला. मंत्र्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. कौशल्याची इतकी तातडीनं दखल आम्ही अन्यत्र पाहिलेली नाही.

एवढा अनुभव गाठीशी असताना प्रत्येक दुर्घटनेनंतर आरोपी नव्यानं शोधत बसणं बरं दिसत नाही. म्हणून शासन निर्णयाचा हा मसुदा विनामूल्य सादर करतो:

1. पूल, धरण, पुतळा कोसळल्यास वारा, पाऊस, घूस, वाळवी यांपैकी जो प्रथम उपलब्ध होईल त्यास 24 तासांत जबाबदार धरावे.

2. यांपैकी कोणीही उपलब्ध नसल्यास मृतांस जबाबदार धरावे. ‘धोका’ असा फलक लावलेला होता किंवा कसे, याची खातरजमा करावी. नसल्यास तो मागील तारखेने लावावा.

3. कनिष्ठ अभियंत्याचे निलंबन पत्रकार परिषदेत जाहीर करावे. त्यास नियमानुसार अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता द्यावा. त्याला कामावर परत घेताना पत्रकार परिषद घेण्याची आवश्यकता नाही.

4. चौकशी समितीने अहवाल सादर करावा. तो वाचण्यासाठी स्वतंत्र समिती नेमण्यात येईल.

5. या निर्णयाच्या अंमलबजावणीची जबाबदारी खालील अधिकाऱ्यावर राहील: (पद रिक्त).