गंडा: मनगटावरचा आणि खिशावरचा

परीक्षेत आपटलेल्याला आणि दामदुप्पट योजनेत पैसे घालून बसलेल्याला आपण एकाच शब्दात गुंडाळतो: ‘गंडला’. मिरजेत मात्र हा शब्द जरा जपून वापरलेला बरा. उस्ताद अब्दुल करीम खाँ या गावात राहिले, १९३७ साली गेल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच विसावले. सवाई गंधर्वांचे हे गुरू. गाण्याच्या या दुनियेत गंडा मानाचा: उस्ताद शागिर्दाच्या मनगटाला दोरा बांधतो, गूळ-चणे खायला घालतो, आणि मग वर्षानुवर्षं शागिर्द पहाटे उठून षड्ज घोटत बसतो. घरचे लोक यालाही ‘गंडला’च म्हणत असतील, पण तो विषय निराळा.

तर मानाचा दोरा फसवणुकीला कसा आला? संस्कृतात गण्ड म्हणजे फुगवटा, गाठ, गंडमाळेतला तोच. गाठी मारून मंतरलेला दोरा तो गंडा, म्हणून गंडेदोरे. दोरा हातात आला, दक्षिणा गेली, दुखणं होतं तिथंच राहिलं. शब्दाचा घसारा इथूनच, असा माझा तर्क. यावर कुणी म्हणेल, पूर्वी चार कवड्यांना गंडा म्हणत, मोजताना हातचलाखी होई, मूळ तिथं शोधा. पण तो गंडा मोजायचा; आपला गंडा ‘घालतात’. टोपीही घालतात, शेंडी लावतात, चुनाही लावतात. मराठीतला ठक खिसा कापायच्या आधी गिऱ्हाइकाच्या अंगावर काहीतरी चढवतोच.

फसणारा मूर्खच असतो, त्याची कड कशाला घ्यायची, हा आक्षेप उरतो. वर्तमानपत्र उघडून बघा. घर फोडलं की मथळ्यात ‘चोरी’, रस्त्यात अडवलं की ‘लूट’. ‘लाखोंचा गंडा’ कधी छापतात? समोरच्यानं गोड बोलून विश्वास मिळवला आणि माणसानं आपण होऊन पैसे दिले, तेव्हा. चोराला तुमची झोप पुरते. गंडा घालायला तुम्ही जागे असून हात पुढे करावा लागतो. म्हणजे गंडलेल्याकडे अक्कल कमी असेलही, पण विश्वास भरपूर होता, आणि तेवढ्याच विश्वासानं शागिर्दही मनगट पुढे करतो. बांधणारा कोण, हे आधी बघायचं.

तेव्हा पुढच्या वेळी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणून कुणी ओटीपी मागितला, तर त्याला आधी षड्ज लावून दाखवायला सांगा.