एकच टाका

दसरा जवळ आला की राहुरीपासून कोल्हारपर्यंत, नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला, गॅस वेल्डिंगवाल्या मिस्त्रींचा रुबाब वाढतो. कारखान्यांचा हंगाम तोंडावर आलेला, उसाच्या ट्रॉल्या कुठं ना कुठं मोडलेल्या. त्यात लाईट गेली की आर्क मशीन गप्प, सगळा भार गॅसवर. ट्रॉलीवाला काकुळतीला येऊन विचारतो, "मिस्त्री, आज व्हईल का?" मिस्त्री ट्रॉलीकडे बघतच नाहीत. ते बाटल्याकडे बघतात.

हिशेबाला हा माणूस पक्का. ऑक्सिजनचा काळा बाटला भरलेला असला की काटा 150 किलोवर आणि आत 7 घनमीटर, म्हणजे 7000 लिटर. काटा 75 वर आला की उरले 3500. पाच नंबरचं नोझल तासाला 140 लिटरच्या आसपास ओढतं, म्हणजे जोडकामाला 25 तास. तेच जाड प्लेट कापायला बसलं तर तासाला दीड-दोन हजार लिटर जातात, दोन तासांत खेळ खलास. हे सगळं मिस्त्री गिऱ्हाइकाच्याच ट्रॉलीच्या फाळक्यावर खडूनं मांडून दाखवतात.

ॲसिटिलीनच्या मरून बाटल्याच्या काट्यावर मात्र त्यांचा काडीचा भरवसा नाही. तो गॅस आत ॲसिटोनमध्ये विरघळलेला असतो. काटा उन्हात चढतो, गारठ्यात उतरतो, शिल्लक काही सांगत नाही. "ह्याला वजनावरच घ्यायचं," म्हणत ते बाटला शेजारच्या आडत्याच्या वजनकाट्यावर उभा करतात. रिकाम्या बाटल्याचं वजन वजा केलं की किलोला साधारण 900 लिटर. आडत्या सवयीनं विचारतो, "कट्टी किती धरायची?"

इतकं असूनही बाटला ठरल्या दिवसापर्यंत कधी पोचत नाही. ट्रॉलीचा हूक निम्मा झालेला असतो आणि एक मावशी कान तुटलेली लोखंडी कढई घेऊन हजर होतात. "मिस्त्री, एकच टाका मारा." मग कुणाच्या सायकलचा स्टँड. मग हॉटेलवाल्याच्या भट्टीची जाळी. मग माजी सरपंचांच्या फाटकाची बिजागरी, ते "किती झाले?" असं विचारतात, पण खिशाकडे हात न नेता. "गॅस काय फुकट येतो का?" असं मिस्त्री प्रत्येकाला ठणकावून विचारतात आणि विचारता विचारता टॉर्च पेटवतात. भीड ही भिकेची बहीण, हे त्यांना ठाऊक नाही असं नाही.

व्हायचं तेच होतं. ट्रॉलीच्या शेवटच्या सांध्यावर ज्योत फट् करून विझते. ट्रॉलीवाला उखडतो, "गुरुवारपर्यंत पुरंल म्हणले व्हते ना?" मिस्त्री फाळक्यावरची आकडेमोड पुन्हा वरून खाली तपासतात. चूक सापडत नाही.

तोवर नगरच्या एमआयडीसीतून भरलेला बाटला घेऊन टेम्पो येतो. टेम्पोवाला उतरवता उतरवता विचारतो, "हा किती दिवस जाईल, मिस्त्री? म्हणजे तवा चक्कर मारतो."

"तास विचार, तास सांगतो," मिस्त्री म्हणतात. "दिवसाचं गावाला विचार."