स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि

बंगळूरची हवा पूर्वी पगारात धरत असत. एचएएल नाहीतर बीईएलमध्ये चिकटलेला मराठी माणूस गावी पत्र लिहायचा तेव्हा पगाराचा आकडा एका ओळीत उरकायचा आणि हवेवर पानभर लिहायचा. समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट उंची, मे महिन्यातही रात्री पांघरूण लागतं, वगैरे. मग गावाकडचे आजारी आजोबा हवापालटासाठी इकडे येत आणि बरे होऊन, नातवंडांचं कानडी ऐकून थोडे नाराज होऊन, परत जात. या शहराला मोकळ्या हवेचं वेड जुनंच. १८९८ च्या प्लेगनंतर पेठांमधली माणसं बसवनगुडी आणि मल्लेश्वरमच्या रुंद रस्त्यांकडे सरकली, ती श्वास घ्यायलाच.

आता त्याच मल्लेश्वरमात माझ्या शर्टाच्या खिशात दम्याचा निळा पंप असतो. आणि मी काही एकटा नाही. डॉ. एच. परमेश हे इथले नामवंत बालरोगतज्ज्ञ. त्यांनी आपल्या रुग्णालयात येणाऱ्या अठरा वर्षांखालच्या मुलांमधल्या दम्याची वर्षानुवर्षं मोजदाद केली. १९७९ साली प्रमाण निघालं ९ टक्के आणि १९९९ साली २९.५ टक्के. वीस वर्षांत तिपटीहून जास्त! वाहनांचा धूर आणि वाढती दाटी ही त्यांनी सांगितलेली कारणं सिग्नलला थांबलेल्या कुणालाही पटतील.

दोष मात्र दिला जातो झाडांना. इथल्या लालबाग उद्यानाचे जर्मन अधीक्षक क्रुंबिगल आधी बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या पदरी होते, १९०८ मध्ये ते म्हैसूर संस्थानात आले. एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा अशा बेताने त्यांनी रस्त्यांवर झाडं लावली. म्हणून इथे वर्षभर काही ना काही फुललेलं असतं आणि शिंकणारा प्रत्येक माणूस त्या गुलाबी-जांभळ्या वैभवाकडे संशयाने बघतो. वास्तविक अशा देखण्या फुलांचे परागकण जड आणि चिकट, ते मधमाश्यांच्या अंगाला लागून जातात. नाकात शिरतात ते वाऱ्यावर उडणारे, आणि त्यांच्या फुलांचा कुणी फोटोसुद्धा काढत नाही. या संशयितांच्या यादीत इथे वरच्या क्रमांकावर आहे गाजर गवत. त्याची भारतातली शास्त्रीय नोंद १९५६ साली पुण्यात झाली. पुढे ते बंगळूरच्या रिकाम्या प्लॉटांवर इतकं माजलं की १९८० च्या दशकात त्याचा फडशा पाडायला मेक्सिकोहून भुंगेरे आणून सोडावे लागले. पुण्यात नाव काढून बंगळुरात फोफावलेल्यांत मी पहिला नाही, एवढंच यातून मिळणारं समाधान.

पण मला खरा संशय आहे तो या शहराच्या आवडत्या वाक्यावर. ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि.’ जरा सांभाळून घ्या. तिघांच्या बाकावर चौथा बसताना हे म्हणतो, घरमालक पाणी नसताना म्हणतो, रिक्षावाला मीटर न टाकताना म्हणतो. वाक्य गोड आहे. त्याने भांडणं मिटतात. फक्त ते छातीच्या कानावर पडता कामा नये.

कारण दमेकऱ्याइतका अ‍ॅडजस्ट करणारा प्राणी नाही. माझे मेहुणे घ्या. मूळचे बेळगावचे, नोकरी व्हाइटफील्डला. दर शनिवार-रविवार बहिणीकडे, म्हणजे आमच्याकडे येतात. जिन्याच्या मधल्या वळणावर ते थांबतात आणि मोबाइल बघतात. झोपताना दोन उशा घेतात, ‘सवय आहे’ म्हणून. पहाटे चारला खोकत उठतात आणि ‘आता उठलोच आहे तर’ म्हणून चहा टाकतात. मोठ्याने हसायचं त्यांनी कधी सोडलं हे त्यांनाही आठवत नाही. दमा कसा आहे विचारलं तर म्हणतात, “एकदम कंट्रोलमध्ये की हो, दाजी. पंप मारतो, संपलं.”

पंप मारला की संपतं, हीच तर त्या निळ्या पंपाची अडचण. त्यातलं सालब्युटामॉल श्वासनळ्यांभोवती आवळलेले स्नायू सैल करतं आणि पाच-दहा मिनिटांत छाती मोकळी होते. इतकं आज्ञाधारक औषध मी दुसरं पाहिलेलं नाही. पण नळ्यांना आतून आलेली सूज त्याने उतरत नाही. सूज तशीच राहते, पुन्हा नळ्या आवळतात, पुन्हा पंप. माणसाला वाटतं आजार आपल्या मुठीत आहे, कारण पंप मुठीत असतो.

या वस्तूचा जन्मही एका हट्टातून झाला. अमेरिकेतल्या रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांची तेरा वर्षांची मुलगी दम्याने बेजार होती. तेव्हा काचेच्या नाजूक यंत्राचा रबरी फुगा दाबत औषध ओढावं लागे. तिने वडिलांना विचारलं, केसांना मारायचा फवारा डब्यात मिळतो, मग माझं औषध का मिळत नाही? १९५६ मध्ये मोजून मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आला. मुलीचं ऐकणारा बाप कारखानदारही असला की जगाचं भलं होतं. सालब्युटामॉल मात्र नंतरचं, १९६० च्या दशकाच्या अखेरीचं. त्याआधी इंग्लंडमध्ये जुन्या औषधाचे जहाल पंप लोकांनी मनसोक्त वापरले आणि तिथे दम्याचे मृत्यू अचानक वाढले. आराम वाटतो आहे म्हणून माणसं घरीच बसून राहिली, हेही त्यात होतं. आजचा निळा पंप त्या मानाने बराच सौम्य आहे. घरीच बसून राहायची खोड तेवढी गेलेली नाही.

म्हणून डॉक्टर दाबांचा हिशेब विचारतात. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा निळा लागतो का? रात्री जाग येते का? एका डब्यात दोनशे दाब असतात. वर्षाला तीन किंवा जास्त डबे लागले तर मोठा झटका येण्याचा धोका वाढतो, आणि बारा म्हणजे जिवाशी खेळ. जगभरच्या तज्ज्ञांच्या ‘जीना’ या गटाने २०१९ मध्ये स्पष्टच सांगितलं की मोठ्यांनी आणि किशोरवयीनांनी नुसत्या निळ्यावर राहू नये, सूज उतरवणारं औषध जोडीला हवंच. आता तर ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप काहींना आरामासाठीही देतात. त्यातलं फॉर्मोटेरॉलही लवकर काम करतं. पण कुणाला कुठला, हे डॉक्टरांनी ठरवायचं, मेहुण्यांच्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने नव्हे.

हे सूज उतरवणारं औषध म्हणजे आमच्या घरातला तपकिरी पंप. बिचाऱ्याला काही कीर्ती नाही. सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, काही जाणवत नाही, आणि काही जाणवत नाही हेच त्याचं काम. नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. ऐन झटक्यात एकट्या तपकिरीचा उपयोग नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल कृतज्ञता वाटावी असा प्रसंगच येत नाही. वर ‘त्यात स्टिरॉइड असतं म्हणे’ ही बदनामी. याच मंडळींना पंप फार ‘स्ट्राँग’ वाटतो आणि सालब्युटामॉलची ४ मिलिग्रॅमची गोळी ते चहाबरोबर निर्धास्त गिळतात. निळ्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे गोळीत चाळीस दाबांचं औषध, आणि तेही छातीत जाण्याआधी सगळं अंग फिरून. मग हात थरथरतात, काळीज धडधडतं, आणि दोष पंपाला.

माझे डॉक्टर जयनगरला बसतात. दर भेटीत ते आधी म्हणतात, “तोरिसि.” दाखवा. वीस वर्षं पंप घेणाऱ्या माणसालाही ते हे सांगतात, आणि बरोबरच सांगतात, कारण दहातल्या सात-आठ जणांना पंप नीट घेता येत नाही असं जीनाचंच म्हणणं आहे. मेहुण्यांना मी एकदा बळेच घेऊन गेलो. त्यांनी खिशातून पंप काढला. टोपण नव्हतं. डॉक्टरांनी तो हातात घेऊन टेबलावर आपटला, तर आतून बडीशेपेचा एक दाणा पडला. साखर लावलेला. कुठल्यातरी दर्शिनीतल्या, म्हणजे इथल्या उभ्याने खायच्या हॉटेलातल्या, बशीतून खिशात आणि खिशातून पंपात आलेला, पुढचा मुक्काम फुप्फुसात. डॉक्टरांनी तो कागदावर ठेवला आणि काही बोलले नाहीत. मेहुणे म्हणाले, “दाजी, हा तुमच्या घरचा नव्हे.”

मग रीतसर शिकवणी झाली. टोपण काढून आत बघायचं. पंप हलवायचा. बरेच दिवस वापरला नसेल तर आधी हवेत फवारे सोडायचे. पंपाकडे तोंड न करता श्वास पूर्ण सोडायचा. तोंडाचा भाग दातांमध्ये धरून ओठ मिटायचे, हळू श्वास आत घ्यायला लागायचं आणि त्याच क्षणी दाबायचं. मेहुणे आधी दाबत आणि मग ओढत, त्यामुळे औषध जिभेला लागे आणि ते “लागू पडलं” म्हणत. आत घेतल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखायचा. दुसरा दाब हवाच असेल तर अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून.

ही वेळ ज्यांना साधत नाही त्यांच्यासाठी स्पेसर असतो. प्लास्टिकचा पोकळ भोपळा. एका टोकाला पंप, दुसऱ्याला आपण. औषध घशावर आदळण्याऐवजी छातीत जास्त जातं. मेहुण्यांचा आक्षेप तांत्रिक नव्हता. “हे घेऊन मीटिंगला कसं बसायचं?” हिचा आक्षेप निराळा. साबणाच्या पाण्यात धुतल्यावर तो फडक्याने पुसायचा नाही, तसाच वाळू द्यायचा, हे तिला पटत नाही. पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतींनाच चिकटून बसतं, असं मी सांगितलं. ती म्हणाली, ओली भांडी ठेवायला या घरात जागा नाही.

डबा संपला की नाही हे बघायला पाण्यात तरंगवून पाहण्याची एक जुनी पद्धत आहे. ती खोटी आहे. मागच्या खिडकीतला आकडा बघावा, आणि शून्य आल्यावरही फुस्स आवाज येत राहतो त्याला भुलू नये. आत नुसता वायू असतो. पंप उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्या, काचबिंदूचे काही थेंब, आणि काहींना अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्याही दमा चाळवतात, तेव्हा नव्या डॉक्टरकडे गेल्यावर आपला पंप आधी टेबलावर ठेवावा. लोक लपवतात. लग्नाच्या हॉलमध्ये वॉशरूमला जाऊन पंप घेणारे मी पाहिलेत. त्याच हॉलमध्ये मधुमेहाची गोळी मात्र सगळ्यांना दाखवून, जिलेबीच्या आधी घेतली जाते. दम्यासाठी मृग नक्षत्रावर हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळून आलेले एक शेजारी ती हकिकत चारचौघांत रंगवून सांगतात. पंपाचं मात्र दार लावून.

झटक्याचं मात्र आम्ही लिहून फ्रिजवर लावलं आहे. ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही. ऑस्ट्रेलियात प्रथमोपचारात शिकवतात ते चाराचं गणित: निळ्याचे चार दाब, स्पेसरमधून, एकेक करून, दर दाबाला चार श्वास, मग चार मिनिटं थांबायचं. फरक नाही तर पुन्हा चार, आणि तरीही नाही तर १०८. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत गणित चालूच ठेवायचं. एका दमात वाक्य पुरं होत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर गणित करत बसायचंच नाही, आधी फोन. बंगळुरात हे दोनदा अधोरेखित केलं आहे. इथे हॉस्पिटल किती किलोमीटरवर आहे याला अर्थ नसतो; वाटेत सिल्क बोर्डचा तुंबणारा चौक आहे का, ते विचारतात.

गेल्या शनिवारी मेहुणे आणि मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. मी माझा तपकिरी घेतला. मेहुण्यांनी निळा मागितला. काउंटरमागचे म्हातारबाबा चष्म्यावरून बघत म्हणाले, “होद तिंगळु तगोंड्रल्ला, सार्?” गेल्या महिन्यात नेलात ना?

मेहुण्यांनी अस्सल बेळगावी कानडीत ठोकून दिलं की हा दाजींसाठी आहे.

म्हातारबाबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. “अवरु ब्राउन पार्टी,” ते म्हणाले. “ब्लू नीवे.” ते तपकिरीवाले, निळे तुम्हीच.

मेहुण्यांनी पैसे दिले आणि पंप खिशात टाकला. मग बाहेर काढला, टोपण आहे का बघितलं आणि पुन्हा टाकला. फुटपाथवर आल्यावर म्हणाले, “दाजी, तुमच्या डॉक्टरांची शनिवारी अपॉइंटमेंट मिळते का हो?”

मी म्हटलं, “अपॉइंटमेंट मिळते. पार्किंग मिळत नाही.”