फी तुमची, अहवाल बँकेचा

घर तारण ठेवून कर्ज काढलंत तेव्हा बँकेने एक माणूस पाठवला होता. त्याने टेप लावून खोल्या मोजल्या, गच्चीवर जाऊन आला, मोबाइलवर फोटो काढले आणि निघून गेला. तो व्हॅल्युअर. त्याची फी तुम्ही भरलीत. त्याने तुमच्या घराची किंमत किती लिहिली, ते मात्र तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

मॉर्गेज लोन घेतलेल्या दहा जणांना विचारा. कर्ज किती, हप्ता किती, व्याज किती, हे सगळे तोंडपाठ सांगतील. अहवालातली घराची किंमत क्वचितच कुणी सांगेल. आयुष्यातली सगळ्यात मोठी मालमत्ता, आणि तिच्या किमतीचा कागद मालकाकडेच नाही!

मनमाडसारख्या गावात हा कागद फार महत्त्वाचा आहे. इथली घरं बिल्डरने बांधून दिलेली कमी, हळूहळू उभी राहिलेली जास्त. कुणी रेल्वेच्या कारखान्यात नोकरी करताना प्लॉट घेतला, भविष्य निर्वाह निधीतून दोन खोल्या काढल्या, मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला चढवला. मग मुलाच्या दुकानासाठी नाहीतर घरातल्या आजारपणासाठी तेच घर तारण गेलं. हप्ते सुरळीत असतात तोवर व्हॅल्युएशनची आठवण कुणाला येत नाही. धंदा बसला की हप्ते लटकतात, आणि घरात बोलणं सुरू होतं: विकून मोकळं होऊ. त्या वेळी पहिला प्रश्न पडायला हवा तो हा, की घराची खरी किंमत किती? लोक विचारतात मात्र, "बँक किती म्हणते?"

बँक काय म्हणते त्यावर घर सोडू नका. साधा हिशेब करा. समजा, घर 40 लाखांचं आहे आणि बँकेचं देणं 22 लाख. पॅनेलवरच्या व्हॅल्युअरने 32 लाख लिहिले आणि लिलावात घर 29 लाखांना गेलं. बँकेला 22 लाख मिळाले. घर 40 लाखांना गेलं असतं तरी तिला 22 लाखच मिळाले असते. मधले 11 लाख गेले ते तुमचे. म्हणजे किंमत कमी लागली तर बँकेचं काही बिघडत नाही, जोवर तिचं देणं वसूल होतंय. उरलेल्या पैशाची चिंता फक्त तुम्हाला आहे. कायदा म्हणतो की वसुलीनंतर जे उरेल ते कर्जदाराला द्यावं. पण जास्तीत जास्त उरावं म्हणून धडपड कुणी करायची? ती तुम्हालाच करावी लागते.

आता कायद्याकडे बघा. थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी तारण विकायची मुभा बँकेला देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्याखालच्या नियमांत लिहिलंय की मालमत्ता विकण्याआधी बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याने मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून मूल्यांकन करून घ्यावं आणि कर्ज देणाऱ्या बँकेशी सल्लामसलत करून राखीव किंमत, म्हणजे लिलावातली किमान किंमत, ठरवावी. बँकेचा अधिकारी, बँकेशी सल्लामसलत. ज्याचं घर विकायचं त्याला विचारायची अट त्यात नाही. राखीव किमतीपेक्षा खाली विकायचं असेल तेव्हा मात्र कर्जदाराची संमती लागते. राखीव किंमतच आधी खाली ठरवली असेल तर ही अट काय कामाची?

रिझर्व्ह बँकेने 2007 मध्ये बँकांना सांगितलं की 50 कोटी किंवा त्याहून जास्त किमतीच्या मालमत्तेसाठी किमान दोन स्वतंत्र मूल्यांकन अहवाल घ्या. म्हणजे एका व्हॅल्युअरचा आकडा चुकू शकतो, हे रिझर्व्ह बँकेला मान्य आहे. मग 40 लाखांच्या घराला एकच अहवाल का? 50 कोटींच्या इमारतीचा मालक दहा वकील उभे करू शकतो. मनमाडच्या निवृत्त फिटरकडे ते घर सोडून दुसरं काही नाही. दुसऱ्या अहवालाची गरज कुणाला जास्त आहे?

पॅनेलवरचे व्हॅल्युअर अप्रामाणिक असतात असं मी म्हणत नाही. त्यांच्या कामाची पद्धत समजून घ्या. जमिनीचा दर गुणिले क्षेत्रफळ, त्यात बांधकामाचा खर्च मिळवायचा, घसारा वजा करायचा. मंजूर नकाशात नसलेला वरचा मजला बहुतेकदा मोजतच नाहीत किंवा फार कमी धरतात. बँकेला सुरक्षित आकडा हवा असतो म्हणून हात आखडता ठेवतात. शेवटी बाजारभावाखाली आणखी एक, त्याहून कमी आकडा लिहितात: घाईघाईने विकावं लागलं तर काय येईल तो. कर्ज देताना हे सगळं ठीक आहे. पण फेडण्यासाठी घर विकताना तोच आखडता आकडा तुमच्या गळ्यात मारला जातो, हे मला मान्य नाही.

आणि मनमाडचा भाव तक्त्यात बसत नाही. इथलं गिऱ्हाईक घर बघायला आलं की आधी पाण्याचं विचारतं. नळ किती दिवसांनी येतो, जमिनीखालची टाकी किती लिटरची, बोअरला उन्हाळ्यात पाणी राहतं का. वागदर्डी धरणावर वर्षानुवर्षं काढलेल्या या गावात मोठी टाकी ही चैन नाही, ती घराच्या किमतीचा भाग आहे. करंजवण धरणाच्या पाणीयोजनेचं पाणी ज्या भागात नेमाने पोचेल तिथला भाव वेगळा राहील, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. घर रुळाच्या अलीकडे की पलीकडे, पुलावरून रोज जावं लागतं का, स्टेशन पायी गाठता येतं का, यानेही किंमत हलते. बाहेरगावाहून येऊन दिवसात चार-पाच साइट उरकणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? गावातला किंवा गाव ओळखणारा व्हॅल्युअर ते टिपतो. म्हणूनच स्वतंत्र मूल्यांकन.

रेडीरेकनरवरही विसंबू नका. तो तक्ता मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतो. 2023 आणि 2024 ला सरकारने दर जैसे थे ठेवले, 2025 च्या एप्रिलमध्ये वाढवले. मधल्या काळात बाजार काय थांबून राहिला होता? त्याहून खरी माहिती सूची क्रमांक 2 मध्ये मिळते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर तुमच्या भागात झालेल्या खरेदीखतांची सूची निघते, त्यात मोबदला आणि बाजारभाव दोन्ही आकडे असतात. शेजारपाजारच्या तीन-चार ताज्या व्यवहारांच्या सूची काढा आणि व्हॅल्युअरच्या हातात ठेवा. एक अडचण मात्र आहे, ती स्पष्ट सांगतो. अर्धी रक्कम रोखीत घेऊन खतावर कमी आकडा लिहायची सवय जिथे आहे, तिथे सूचीतला भावही खालीच दिसतो. शेजाऱ्याने चुकवलेल्या मुद्रांक शुल्काची किंमत उद्या तुमच्या घराच्या अहवालात वळती होते. ही सवय गावाच्या मुळावर आलेली आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. स्वतंत्र अहवाल नेहमी जास्तच आकडा देईल, या भ्रमात राहू नका. 2 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड ते इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली, 18,036 कोटींचा. अशी मंजुरी आली की मालकाच्या मनातला भाव चढतो. चांगला व्हॅल्युअर उद्याच्या गाडीचे पैसे आज लावत नाही. घर विकूनही कर्ज पुरतं फिटणार नाही असं त्याने सांगितलं, तर तेही वेळेवर कळलेलं बरं. मग एकरकमी तडजोडीची बोलणी हातात आकडा घेऊन करता येतात.

वेळेवर, हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीएत, म्हणजे बुडीत-थकीत खात्यांत, जातं. मग सरफेसीची 60 दिवसांची नोटीस येते. त्या मुदतीत तुम्ही लेखी हरकत घेतलीत तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यानंतर ताबा आणि विक्रीची 30 दिवसांची नोटीस. 2016 च्या दुरुस्तीनंतर सगळं देणं भरून मालमत्ता सोडवून घ्यायचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच उरतो.

त्याची धार बाफना मोटर्सच्या प्रकरणात दिसली. नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातला या कंपनीचा भूखंड युनियन बँकेकडे तारण होता. राखीव किंमत 105 कोटी, आणि 2023 च्या जूनमध्ये बोली लागली 105 कोटी 5 लाखांची. कर्जदार 129 कोटी भरायला तयार झाला, मुंबई उच्च न्यायालयाने त्याला परवानगीही दिली. 21 सप्टेंबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवली: लिलावाची नोटीस निघाली, हक्क संपला. पुढे बोली जिंकणाऱ्याला न्यायालयाने आणखी 23 कोटी 95 लाख भरायला लावले. बेरीज करा, 129 कोटी होतात. लिलावात 105 कोटींना गेलेल्या भूखंडाचे 129 कोटी आले, ते प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं म्हणून. मनमाडचं घर दिल्लीपर्यंत जात नाही. कर्जवसुली न्यायाधिकरणसुद्धा राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेच आहे, नाशिकला नाही. म्हणून हातात आकडा हवा तो नोटीस येण्याआधी. फार तर त्या 60 दिवसांत.

काम अवघड नाही. संपत्ती कर गेला, पण त्या कायद्याच्या कलम 34 एबी खाली नोंदलेले व्हॅल्युअर अजून आहेत. कंपनी कायद्याखाली नोंदलेले, जमीन व इमारत या वर्गाचे व्हॅल्युअरही आहेत. त्यांचा नोंदणी क्रमांक तपासा. खरेदीखत, मंजूर नकाशा, सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीची पावती त्यांना द्या आणि घर बघायला आले की स्वतः सोबत फिरा. काही हजार रुपये लागतील. हा अहवाल बँक कर्ज देताना मानणार नाही. पण गिऱ्हाइकाशी भाव करताना, दुसऱ्या बँकेकडे कमी व्याजावर कर्ज वळवायचं की नाही ते ठरवताना आणि राखीव किमतीला लेखी हरकत घेताना तोच तुमच्या कामाला येतो. अहवाल हरकतीला जोडा, पॅनेलवरच्या दुसऱ्या व्हॅल्युअरकडून फेरमूल्यांकन मागा. पतसंस्थेचं कर्ज असेल तर रस्ता सहकार कायद्याच्या कलम 101 चा आणि नियम 107 चा. तिथे अपसेट प्राइसला, म्हणजे राखीव किमतीला, सहकार खात्याची मंजुरी लागते, तेव्हा अहवालाची एक प्रत उपनिबंधकांच्या टेबलावरही जाऊ द्या.

आणि बँकेच्या अहवालाची प्रत मागा. 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की तिसऱ्या पक्षासाठी कर्जदाराकडून घेतलेल्या पैशाची पावती आणि संबंधित कागद कर्जदाराला द्यावेत. किरकोळ कर्जांसोबत जे माहितीपत्रक द्यावं लागतं त्यात व्हॅल्युएशन फीचा रकानाही आहे. माझ्या मते संबंधित कागदांत अहवाल येतोच. फी ज्या कागदासाठी घेतली तो कागद संबंधित नाही, तर मग कुठला? बँकांनी वाद घालण्याआधी रिझर्व्ह बँकेनेच हे एका ओळीत स्पष्ट करावं.

घर विकायचं ठरलं तर लिलावाआधी स्वतः विका. बँकेकडून येणे रकमेचं पत्र घ्या, गिऱ्हाइकाचे पैसे थेट कर्जखात्यात जाऊ द्या. पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा, हे 1 डिसेंबर 2023 पासून बँकांवर बंधन आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. ती मागायला लाजू नका.

रिझर्व्ह बँकेकडे मागणी दोन ओळींची आहे. राहत्या घराची राखीव किंमत ठरवण्याआधी, घर कितीचंही असो, दोन स्वतंत्र अहवाल बंधनकारक करा. आणि दोन्हींची प्रत, किंमत ठरण्याआधी, कर्जदाराच्या हातात द्या. बँकांना यात खर्च काहीच नाही, फी तशीही कर्जदारच भरतो.

तोवर वाचकहो, ज्यांच्या घरावर बोजा आहे त्यांनी हे करा. हप्ते चालू असोत की थकलेले, सोमवारी शाखेत जा, मूल्यांकन अहवालाची प्रत मागणारा अर्ज द्या आणि त्यावर शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.