कैफियत एका नाकाची : मुक्काम इंदिरा नगर, लखनौ

परमेश्वराने मला जे नाक बहाल केले आहे ते सौंदर्याच्या दृष्टीने अदखलपात्र असले, तरी दक्षतेच्या बाबतीत त्याच्या तोडीचा अंमलदार जुन्या जकातनाक्यांवरसुद्धा बसला नसेल. कारण हवेतून जाणारा कोणताही सूक्ष्म पदार्थ, मग ती करवलीच्या गालावरची पावडर असो की शेजारच्या फोडणीतली मिरची, या नाकाने अडवून, त्याची झडती घेऊन आणि मोठ्या आवाजात वर्दी देऊन झाल्यावाचून पुढे सरकल्याचे मला स्मरत नाही. आयात गव्हाबरोबर अमेरिकेतून आलेले असे ज्याच्याविषयी सांगतात, ते काँग्रेस गवत १९५५ च्या सुमारास हिंदुस्थानात प्रथम नजरेस आले ते पुण्यात, आणि मी पुणेकर. तेव्हा परागकणांशी माझे वैर पिढीजात मानण्यास हरकत नसावी. असे असता, मार्च महिन्यात, म्हणजे आपल्याकडे ज्याला वावळ म्हणतात तो चिलबिल वृक्ष उत्तर हिंदुस्थानात पाने गाळून फुलतो आणि तिकडच्या दमेकऱ्यांची झोप उडवतो त्याच मुहूर्तावर, मी लखनौस मामींकडे जाण्याचा बेत केला, याचे खापर मी रेल्वेच्या आरक्षणावर फोडतो.

पुष्पक एक्सप्रेसचा प्रवास शिंकांखेरीज निर्वेध झाला. चारबागेहून मेट्रोत बसले की हजरतगंज जमिनीखालून जाते, पुढे गोमती ओलांडली जाते, आणि २०१९ पासून ही गाडी मुन्शी पुलियापर्यंत धावत असल्यामुळे लेखराज, भूतनाथ अशी स्थानके मागे टाकीत माणूस थेट इंदिरा नगरात उतरतो. आवास विकास परिषदेने वसवलेली ही वसाहत आशिया खंडातील सर्वांत मोठी आहे असे तेथील रहिवासी सांगतात. मोजायला कोण जातो? मला एवढेच दिसले की सेक्टर आणि ब्लॉक यांचे अंक व अक्षरे एकमेकांना न जुमानता नांदत असल्यामुळे रिक्षावाला पत्ता न विचारता ‘कौन सा चौराहा?’ एवढेच विचारतो, आणि उत्तर देता आले नाही तर आपल्याविषयी मनापासून हळहळतो.

आमचे मामा या शहरी आले ते तबला शिकवायला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली येथे जे संगीत महाविद्यालय उभे केले त्याला तेव्हाच्या गव्हर्नरसाहेबांचे, मॅरिस यांचे, नाव होते आणि पुढे ते भातखंड्यांच्या नावाने चालू लागले. तेथे मामांनी हयात घालवली, इंदिरा नगरात घर बांधले, आणि निवृत्तीनंतर एक चारचाकी घेतली. तपकीर हे त्यांचे एकमेव व्यसन. मला जे फुकट मिळत होते ते मामा पैसे मोजून मिळवीत, याचे मला लहानपणी फार नवल वाटे. मी शिंकू लागलो की ते मांडीवर ठेका धरीत आणि शेवटच्या शिंकेला मान हलवून म्हणत, ‘सम चुकली.’ मामा गेल्यापासून ती गाडी फाटकाशी उभी असते. मामींचा नातू मधूनमधून ती भूतनाथपर्यंत फिरवून आणतो, एवढेच तिचे देशाटन.

बडा इमामबाडा पाहण्यासाठी आम्ही या गाडीत बसलो, नातवाने एसी सुरू केला, आणि गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत माझ्या नाकाने सदर प्रवास तहकूब केल्याचे जाहीर केले. जाळ्यांतून हवा अशी बेताची येत होती की ती कोणाची परवानगी घेऊन येते आहे असे वाटावे, आणि जी येई तिला ओल्या गोणपाटाचा वास होता. केबिन फिल्टर, ज्याला तिकडचा मिस्त्री ‘एसी का फिल्टर’ म्हणतो, तो तुंबला होता हे उघड होते. नातू लालबागेत जाऊन नवा फिल्टर घेऊन आला. किंमत दोन माणसांच्या चाटेहून फारशी अधिक नव्हती.

हे काम घरच्या घरी होते. हत्यार बहुधा लागत नाही. पुष्कळशा गाड्यांत डाव्या बाजूच्या ग्लव्ह बॉक्सचे दोन्ही गाल आत दाबले की तो खाली लोंबकळतो आणि त्याच्यामागे चापांनी बसवलेले एक काळे आयताकृती झाकण दिसते. ते काढले की फिल्टर. परंतु ग्लव्ह बॉक्स आधी रिकामा करावा लागतो, आणि मामांचा ग्लव्ह बॉक्स हे एक दप्तर होते. ओट्यावर चादर पसरून मी मुद्देमालाची यादी करू लागलो : विम्याचे दस्तऐवज, आटलेली पेने, तबल्याची हातोडी, मुदत संपलेल्या बडीशेपेची पुडी, आणि एका सर्व्हिस सेंटरची बिले, ज्यांतील प्रत्येक बिलावर ‘केबिन फिल्टर बदलला’ अशी नोंद, किंमत आणि मजुरी स्वतंत्रपणे लावून, केलेली होती.

तळाशी तपकिरीची डबी निघाली. मामींनी ती घेतली, पदराने पुसली, आणि म्हणाल्या, ‘सगळं झालं की होती तशीच ठेव रे तिथं.’ मी बरे म्हटले.

ग्लव्ह बॉक्समागे डोके घालायचे तर पाय दाराबाहेर सोडून, पाठ पायदानावर टेकून, उताणे व्हावे लागते. अशा स्थितीत नाकपुड्या ऊर्ध्वमुख होतात आणि फिल्टर बरोबर त्यांच्या वर येतो, हे या रचनेच्या आरेखकांना ठाऊक असावे असे मला वाटत नाही. झाकण निघाले. फिल्टर ओढला. तो निम्मा बाहेर आला, अडला, आणि मग एकदम सुटला. त्याबरोबर त्याच्यावर साचलेली सर्व जिंदगी माझ्या मुखावर दरोबस्त रुजू झाली. निंबाची वाळलेली पाने होती, चिलबिलाच्या चपट्या पंखांच्या बिया होत्या, कबुतराचे एक पीस होते, उंदराने कुरतडलेल्या कागदाचा कीस होता, आणि या साऱ्यांच्या मागोमाग पिवळट करड्या धुळीची एक सावकाश सर खाली आली, जी मी डोळे मिटून, परंतु दुर्दैवाने श्वास घेत, स्वीकारली.

त्यानंतर मी किती वेळ शिंकत होतो ते सांगता येणार नाही. प्रत्येक शिंकेगणिक कपाळ डॅशबोर्डाच्या बुडाला आदळत होते आणि प्रत्येक आदळीने आणखी थोडी पाने खाली येत होती. गल्ली जमली. सिंचाई विभागातून निवृत्त झालेले शेजारचे साहेब माझ्या पावलांशी उभे राहून ‘ज़रा इत्मीनान से, भाईसाहब’ असे अत्यंत अदबीने सांगत होते. एका वकीलसाहेबांनी माझे जोडे नीट जोडून बाजूला ठेवले. पाय ओढून मला बाहेर काढावे असे मात्र कोणाला सुचले नाही. पाहुण्याच्या पायाला हात कसा लावायचा, हा प्रश्न असावा. शेवटची शिंक आली आणि मागे थोडी शांतता पसरली, तेव्हा ओट्यावरून मामींचा आवाज आला, ‘सम चुकली रे.’ मग त्या घाईघाईने पाणी आणायला आत गेल्या.

नवा फिल्टर बसवणे हे पाच मिनिटांचे काम. परंतु त्याच्या कडेला हवेच्या दिशेचा एक बाण असतो, आणि या बाणाने अर्धी दुपार खाल्ली. सिंचाईसाहेबांचे म्हणणे, हवा पायाशी येते त्या अर्थी ती खालून वर चढते, सबब बाण वर. मी म्हणालो, बाहेरची हवा काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून आत शिरते व पंखा या गाडीत खाली आहे, सबब बाण खाली. वकीलसाहेबांनी दोन्ही पक्षांत तथ्य असल्याचा निर्वाळा दिला. मी बाण खाली करून फिल्टर बसवला आणि नाक धुण्यासाठी आत गेलो. परत येऊन पाहतो तो तो काढून उलटा बसवलेला. आसफउद्दौल्याने १७८४ च्या दुष्काळात रयतेला काम मिळावे म्हणून इमामबाडा बांधायला काढला आणि दिवसा मजुरांनी बांधलेले रात्री पडद्याआड उमराव पाडीत, अशी आख्यायिका आहे. इंदिरा नगरात हे खाते दिवसाढवळ्या चालते. अखेरीस मामींनी देवघरातली उदबत्ती आणली, पंखा सुरू करवला, आणि ती रिकाम्या खाचेशी धरली. धूर सरळ खाली ओढला गेला. सिंचाईसाहेबांनी निकाल हसून मान्य केला आणि घरून चहा मागवला.

जुना फिल्टर मी उन्हात उलगडून पाहिला. विणल्याविना केलेल्या कृत्रिम धाग्यांची ती एक चुण्याचुण्यांची पट्टी. त्या धाग्यांवर सौम्य विद्युद्भार दिलेला असतो, म्हणून जाळीच्या छिद्रांतून सहज निसटतील असे कणही त्यांना चिकटतात, आणि म्हणूनच तो पाण्याने धुऊन किंवा हवेच्या झोताने उडवून पुन्हा वापरण्यात अर्थ नसतो. चुण्यांच्या तळाशी वर्षावर्षांचे थर बसले होते. त्याच्या प्लास्टिकच्या कडेवर गाडी बनवणाऱ्या कारखान्याचा छाप होता आणि गाडीच्याच जन्मसालाचा शिक्का. म्हणजे बिलांवरचे ते सगळे फिल्टर कोठे गेले? निवृत्त तबलजीच्या पेन्शनीतून दरसाल ही रक्कम घेताना कोणाचा हात अडखळला नाही, याचा मला त्या धुळीपेक्षा अधिक उबग आला.

इमामबाडा दुसऱ्या दिवशी पाहिला, भव्य आहे. त्याहून मला विद्यापीठाजवळची बिरबल साहनी संस्था बाहेरून पाहताना अधिक आदर वाटला, कारण तेथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खडकांतले परागकण अभ्यासतात. खडक तीव्र आम्लात विरघळवतात आणि परागकणाचे कवच तेवढे शिल्लक राहते, इतके ते चिवट. माझ्या नाकाचा पराभव अशा शत्रूकडून झाला होता हे समजून मला धीर आला. बिरबल साहनींनी या संस्थेची कोनशिला स्वतः जीवाश्म जडवून घडवली, ३ एप्रिल १९४९ रोजी ती नेहरूंच्या हस्ते बसली, आणि त्याच आठवड्यात साहनी गेले. संस्था पुढे सावित्रीबाईंनी, त्यांच्या पत्नीने, चालवली.

डबी मी ग्लव्ह बॉक्समध्ये होती तशी ठेवली. बिले मात्र काढून घेतली.

वाचकहो, आपणांपैकी ज्यांच्या दारी गाडी असेल त्यांना एकच विनंती. गाडी सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा काढलेला जुना फिल्टर परत मागून घ्या, आणि बिलाचे पैसे त्यानंतर चुकते करा.