एक हात खिशात

व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचा एक जुना दंडक आहे. चालू सेटमध्ये हात घालायचाच तर एकच घालावा, दुसरा खिशात ठेवावा. आत अडीचशे व्होल्ट फिरत असतात. दोन हात दोन ठिकाणी टेकले की करंट एका हातातून शिरतो आणि दुसऱ्यातून बाहेर पडतो, आणि वाटेत हृदय लागतं. नियम सोन्यासारखा आहे, पण तो करणाऱ्याने पंजाबी ड्रेस कधी घातलेला नसावा. त्याला खिसा नसतो. साडीला तर नाहीच नाही. काही दिवस मी डावा हात पाठीमागे धरून काम केलं. नवरा म्हणाला, "छडी लपवून वर्गात आलेल्या बाईंसारखी दिसतेस." शेवटी चार जुने कुर्ते उचलले आणि शिंप्याकडे गेले. डाव्या बाजूला खिसे लावून हवेत म्हटलं.

"मोबाइलसाठी ना, काकू?"

"नाही, जीव वाचवायला."

त्याने पुढे काही विचारलं नाही. खिसे मात्र कोपरापर्यंत हात जाईल इतके खोल शिवले.

ज्युनिअर कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं ट्रान्झिस्टर शिकवला. "पूर्वी या कामाला काचेचे व्हॉल्व्ह वापरत," एवढं एक वाक्य बोलायचं आणि फळा पुसायचा. निवृत्तीनंतर त्या पुसलेल्या फळ्याचं पाप असं फेडावं लागेल हे ठाऊक नव्हतं. एका रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात पितळी अडकित्ता शोधायला गेलो, आणि एका गोणपाटावर, दोन मिक्सरची भांडी आणि एक सायकलचं चाक यांच्या मध्ये, तो बसलेला दिसला. लाकडी खोकं, सोनेरी कापडाची जाळी, हस्तिदंती रंगाची चार बटणं. मी विचारलं, "चालू आहे का?" विक्रेता माझ्या नवऱ्याला म्हणाला, "लावून बघा की, साहेब." आसपास दोनशे फुटांत प्लगपॉइंट नव्हता. व्हॉल्व्ह सगळे आहेत का, असं मी विचारलं. तो नवऱ्याला म्हणाला, "साहेब, मॅडमना सांगा, काही काढलेलं नाही." अठ्ठावीसशेवरून एकोणीसशेला ठरलं तेही त्या दोघांतच. अडकित्ता राहून गेला.

कंपनीच्या नावाची पितळी अक्षरं गळून पडली होती, नुसती भोकं उरली होती. त्याचा फायदा असा की घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, "अय्या, आमच्याकडे हाच होता!" आणि ठामपणे आपापल्या कंपनीचं नाव घेतो. आतापर्यंत पाच कंपन्या झाल्या आहेत. मी कुणालाही खोडून काढत नाही.

मागचा पुठ्ठा उघडला तेव्हा आत निघालं ते असं: झुरळांच्या पिढ्यांमागून पिढ्या, केसांचा आकडा, चिंचोका, दहा पैशांचं नाणं, आणि पुठ्ठ्याला आतून चिकटलेलं परवान्याचं पुस्तक. तेव्हा रेडिओ घरात ठेवायला परवाना लागे. दरवर्षी पोस्टात जाऊन तो नवा करून घ्यायचा. शुल्क पंधरा रुपये. मी ते सासूबाईंना दाखवलं. वय वर्षं चौऱ्याऐंशी, कान अजून तिखट. म्हणाल्या, "पंधरा रुपये वसूल झाले पाहिजेत म्हणून तुझे सासरे लागेल ते सगळं ऐकायचे. शेतकऱ्यांचा कार्यक्रमसुद्धा."

"आपलं शेत होतं, आई?"

"छे, कुठलं!"

असा रेडिओ आणला की थेट प्लग लावायचा नसतो. आधी शंभर वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडायचा. रेडिओत सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटून मंद होतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि रेडिओ वाचतो. पण शंभर वॉटचा पिवळा बल्ब आता मिळवायचा कुठून? चार दुकानं झाली, सगळीकडे एलईडी. अखेर सासवडच्या मावसभावाच्या पोल्ट्रीतून आणला. पिल्लांना ऊब द्यायला लावतात त्यातला. सगळी जोडाजोड झाली, देवाचं नाव घेतलं, बटण दाबलं. बल्ब असा पेटला की खोली उजळून निघाली. दारातून नवरा म्हणाला, "वा! लागला!"

मेनवरचा एक मेणकागदी कंडेन्सर शॉर्ट होता. त्याआधीच्या कुणा कारागिराने त्यावर उपाय म्हणून फ्यूजलाच सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळला होता. म्हणजे कंडेन्सर जळाला असता, ट्रान्सफॉर्मर जळाला असता, घर जळालं असतं, पण फ्यूज शाबूत राहिला असता.

मेणकागदी कंडेन्सर हे या रेडिओंचं खरं दुखणं. साठ वर्षांत मेण पाझरतं, आत दमट हवा शिरते, आणि जे अडवायचं तेच तो गळू देतो. त्यातला एक आउटपुटच्या व्हॉल्व्हशेजारी असतो. तो गळका झाला की व्हॉल्व्ह भलताच करंट ओढू लागतो आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. म्हणून आधी तो बदलायचा, मग बाकीचे. त्यासाठी तपकीर गल्लीत गेले. काउंटरवरचा मुलगा विशीतला.

"कंडेन्सर द्या."

"पंख्याचा?"

"नाही, रेडिओचा. पॉइंट झीरो वन, सहाशे तीस व्होल्ट. आणि व्हॉल्व्ह ठेवता का?"

"गॅस गिझरचा?"

शेवटी आतून एक वयस्कर गृहस्थ आले. "ईसीएल ८२ आहे का," म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की जणू गावाकडच्या आत्याचं नाव घेतलं. माळ्यावरून एक खोका उतरवला, फुंकर मारली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "डाव्या हाताला खिसा आहे ना?" जन्मात मला कुणी इतकं नीट ओळखलं नव्हतं.

व्हॉल्व्हची नावं आकड्यांची बाराखडी वाटतात, पण त्यांत अख्खी कुंडली असते. पहिलं अक्षर ई म्हणजे हीटरला ६.३ व्होल्ट. सी म्हणजे ट्रायोड, एल म्हणजे आउटपुटचा पेंटोड, आणि पुढचा आठ म्हणजे नऊ पायांची बैठक. लग्नाळू मुलांच्या बायोडेटात इतकी खरी माहिती नसते. माझ्या सेटमध्ये पहिला बसतो ईसीएच ८१. त्याची कामगिरी मला सगळ्यांत आवडते. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे, तर हा आतल्या आत १२४७ ची लहर तयार करतो, दोन्ही एकत्र करतो आणि वजाबाकीचे ४५५ पुढे पाठवतो. मुंबई लावा, हा आपली लहर बदलतो, वजाबाकी पुन्हा ४५५. स्टेशन कुठलंही असो, हा त्याला एकाच पट्टीत गायला लावतो आणि पुढच्या मंडळींना ती एकच पट्टी सांभाळावी लागते. १९१८ साली आर्मस्ट्राँग नावाच्या अमेरिकन माणसाने ही युक्ती काढली. मी ती वर्गात दोन मिनिटांत उरकायचे. मला शिक्षा व्हायला हवी.

आणि ती झाली. डायलचा दोरा हीच ती शिक्षा. बटण फिरवलं की काचेमागे काटा सरकतो, तो एका दोऱ्याच्या जोरावर. बटणाच्या दांडीला अडीच वेढे, तिथून डावीकडची कप्पी, मग वरची, मग उजवीकडची, मग गँगच्या, म्हणजे स्टेशन बदलणाऱ्या कंडेन्सरच्या, मोठ्या चाकावरून आत, आणि शेवटी स्प्रिंग. दोरा मध्ये कुठेही सैल पडता कामा नये, म्हणजे हे काम तीन हातांचं. मी दोन्ही वापरत होते (सेट बंद होता, खिशाला सुट्टी). चार दिवस दोरा स्प्रिंगपाशी येऊन निसटायचा आणि सगळे वेढे भस्सकन उलगडायचे. पाचव्या दिवशी सासूबाईंनी चष्मा लावला, खुर्ची ओढली, आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने वेढा दाबून धरला. जन्मभर मोगऱ्याचे गजरे केलेला अंगठा तो. "हं, ओढ आता." दोरा बसला. मी बटण फिरवलं. काटा सुळकन निघाला, पण उलट्या दिशेने. वेढे उलटे पडले होते.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. चहासुद्धा न घेता.

इतकं सगळं होऊन एका संध्याकाळी तो सुरू झाला. अर्धा मिनिट काही नाही, व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. मग काचेच्या कोपऱ्यात मॅजिक आयचा हिरवा डोळा हळूहळू उघडला, आणि स्पीकरमधून आलं ते फक्त खर्रर्र. एरियल म्हणून तांब्याच्या तारेची जाळीची पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधली. खर्रर्र आणखी मोठं झालं.

दोष रेडिओचा नव्हता, घराचा होता. एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, वाय-फायचा अडॅप्टर, यांतला प्रत्येक जण आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो आणि त्याचा कचरा मीडियम वेव्हवर फेकतो. हा रेडिओ घडला तेव्हा घरात त्याच्याशिवाय बोलणारं काही नव्हतं. मग मी एकेक बंद करत गेले. टीव्ही. वाय-फाय. चार्जर. हॉलमधले दिवे, स्वयंपाकघरातले दिवे. प्रत्येक बटणासरशी खरखर एक पायरी उतरत होती. समोरच्या वहिनींचा फोन आला, "तुमच्याकडचेच लाइट गेलेत का?" नवरा मघापासून सांगत होता की हेच स्टेशन मोबाइलच्या ॲपवर स्वच्छ लागतं. तो चाचपडत बाथरूमकडे गेला.

संपूर्ण अंधार. मी, सासूबाई आणि हिरवा डोळा. काटा ७९२ वर आणला, डोळ्याच्या दोन पाकळ्या हळूहळू जवळ आल्या, आणि आवाज आला. मऊ, जाड, लाकडाच्या खोक्यातून येतो तसा माणसाचा आवाज. बाजारभाव सांगत होता. बटाटा झाला. लसूण झाला. सासूबाई पुढे झुकल्या होत्या.

"कांदा, प्रति क्विंटल किमान—"

खर्रर्रर्र. बाथरूमच्या दाराखाली पांढरा उजेड.

"अरे, तो दिवा घालव आधी!" सासूबाई कडाडल्या. "कांदा राहिला!"

"आई, डोळ्यांत साबण गेलाय!"

"मग दिवा कशाला हवाय?"