सतरा नंबरचा फॉर्म

शिक्षण-तंत्रज्ञानाचा स्टार्टअप टिकाऊ कसा करावा, या विषयावर परिसंवाद उदंड होतात. बहुतेकांत वक्ते ‘स्केल’पासून सुरू होतात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ‘स्केल’वरच असतात. अडचण मात्र साधी आहे. मुलाला अपूर्णांक समजायला जो वेळ लागतो, तो बेंगळुरूत नवं कार्यालय थाटल्याने कमी होत नाही. मूल वर्षाच्या चालीने शिकतं, भांडवलाला मात्र दर तीन महिन्यांनी वाढ दाखवावी लागते. या दोन चालींमधली फट शिकवून भरत नाही, म्हणून ती विकून भरली जाते. मग शिक्षकांपेक्षा फोन करणारे जास्त लागतात, आणि ‘तुमचं मूल मागे पडतंय’ हे वाक्य अभ्यासक्रमाआधी तयार होतं.

ऑनलाइन शिकवणीच्या बायजूज या कंपनीचा हिशेब या दृष्टीने वाचनीय आहे. मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षाचे आकडे सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेर आले. दहावीच्या मुलाने पेपर द्यायला इतका उशीर केला असता, तर त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसावं लागलं असतं. तोटा निघाला सुमारे ४,५८८ कोटी रुपयांचा. त्याहून बोधप्रद होतं विलंबाचं एक कारण. अनेक वर्षांच्या अभ्यासक्रमाचे पैसे आज घेतले, तरी ते सगळे आजचीच कमाई म्हणून मांडता येणार नाहीत, जसजसं शिकवाल तसतसे ते तुमचे, ही भूमिका मान्य करावी लागली. शिक्षणाच्या कंपनीला ‘आधी शिकवा’ हे हिशेबतपासनिसांकडून ऐकावं लागावं, यापरता परिपूर्ण धडा कुठल्या अ‍ॅपमध्ये असेल? धडा पचला मात्र नसावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्याचं ठरलं आणि पुढच्याच महिन्यात फुटबॉलपटू मेस्सी कंपनीचा जागतिक दूत झाला. मेस्सीला भूमिती उत्तम येते, यात वाद नाही; पण त्याचा कोन गोलपोस्टशी असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मोठं व्हायचं तर आधी तोटा सोसावाच लागतो. किराणा घरपोच करणाऱ्यांना हे लागू असेल. तिथे गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात पुन्हा साखर मागवतं. इथे दहावी एकदाच होते (व्हावी, अशी घरच्यांची इच्छा असते). गिऱ्हाईक मुळातच निघून जाणारं, त्यामुळे नवं मिळवण्याचा खर्च दरवर्षी पहिल्यापासून. तो वाचवणारी एकच गोष्ट आहे: पास झालेल्या मुलाच्या आईने शेजारणीला सांगणं. आणि तिला जर्सीवर नाव छापून घ्यायची हौस नसते. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं नाव बायजूजला किती महाग पडलं, ते जुलै २०२४ मध्ये कळलं. क्रिकेट मंडळाच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीवरून कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एका कंपनीवरून सगळ्यांना झोडपू नका, स्वस्त व्हिडिओंमुळे चांगला शिक्षक खेड्यातल्या मुलापर्यंत पोहोचला. मान्य. फिजिक्सवाला या कंपनीने आधी यूट्यूबवर फुकट शिकवलं, मग परवडेल अशी फी लावली, आणि २०२२ मध्ये बाहेरचं मोठं भांडवल घेण्याआधी ती नफ्यात होती. म्हणजे जिथे क्रम शिकवणं, विश्वास, पैसा असा राहिला, तिथे गणित जुळलं. पैसा आल्यावर पुढे तिच्याही ताळेबंदात तोटा दिसू लागला, ही बाब निव्वळ योगायोग समजण्याइतके आपण सज्जन होऊ या.

गंमत पुढेच आहे. वर्गाच्या भिंती पाडायला निघालेल्या या कंपन्यांनी त्याच २०२२ मध्ये भिंती बांधायला घेतल्या. बायजूजची शिकवणी केंद्रं, अनअकॅडमीची सेंटर्स, फिजिक्सवालाची ‘विद्यापीठ’ नावाची केंद्रं: फळा, बाक, हजेरी आणि समोर घाम पुसणारे सर. याला ‘हायब्रीड मॉडेल’ म्हणतात. गल्लीतल्या क्लासच्या पाटीवर अजून ‘प्रवेश सुरू’ एवढंच असतं, कारण जास्त अक्षरांना पेंटर जास्त पैसे लावतो आणि ते सरांना जूनच्या फीमधून द्यायचे असतात.